देश किती उघडा, हे मोजावे कसे?

‘जागतिकीकरण झाले’ असे जो तो म्हणतो. पण ते किती झाले, हे मोजायचे कशाने? साधी रीत अशी की, आयात-निर्यातीची बेरीज करावी आणि देशाच्या एकूण उत्पादनाशी ताडून पाहावी. या रीतीने २०२३ साली सिंगापूरचा आकडा शेकडा ३०० च्या वर गेला. अमेरिकेचा ३० च्या आतच राहिला. म्हणून अमेरिका जगापासून अलिप्त आहे काय? मुळीच नाही. तिची घरची बाजारपेठच अफाट आहे. उलट सिंगापूर बंदरात परक्याचा माल येतो नि पुढे जातो. तो येताना-जाताना पुऱ्या किमतीने मोजला जातो. उत्पादनात मात्र तेथे पडलेली भरच तेवढी धरतात.

म्हणून झुरिचच्या ‘कोफ’ संस्थेचा निर्देशांक आर्थिक, सामाजिक व राजकीय अशी तीन अंगे पाहून १ ते १०० गुण देतो. त्यात व्यापाराबरोबर पर्यटक, स्थलांतरित, वकिलाती, इतकेच नव्हे तर मॅकडोनाल्डची उपाहारगृहेही मोजली जातात! २०१८ च्या सुधारणेत प्रत्यक्ष देवघेव आणि कायद्याने दिलेली मोकळीक यांचे गुण वेगळे केले. हे योग्यच झाले. जकात उतरली म्हणून माल येतोच असे नाही.

तरीही आम्हां कामगार संघटनेच्या माणसांना एक उणीव जाणवते. दारातून काय आले-गेले हे निर्देशांक सांगतो. त्यातले मजुराच्या पदरी काय पडले, हे सांगत नाही. त्यासाठी राष्ट्रीय उत्पन्नातील मजुरीचा वाटा शेजारी मांडावा लागतो. व्यासपीठावरून कोणी पहिला आकडा ऐकवला, तर श्रोत्यांनी दुसरा अवश्य विचारावा.