वाय-फायवरचं उद्गारचिन्ह काय सांगतं?

वाय-फायच्या चिन्हाशेजारी छोटं उद्गारचिन्ह दिसलं, की समजावं : राउटरशी जोडणी झाली, पण पुढे इंटरनेट नाही. फोनला हे कळतं कसं? वाय-फाय जोडताच अँड्रॉइड फोन सहसा गुगलच्या सर्व्हरला एक छोटी विनंती पाठवतो. उत्तरात '२०४' हा क्रमांक, म्हणजे 'विनंती पोचली, मजकूर काही नाही', आला की सगळं ठीक. रेल्वे स्थानकावर किंवा हॉटेलात त्याऐवजी लॉगिनचं पान येतं आणि 'साइन इन करा' अशी सूचना झळकते.

मूळ प्रणाली काढून ग्राफीनओएस टाकलेल्या पिक्सेल फोनवर ही चौकशी कुणाकडे करायची, ते वापरणारा ठरवतो : गुगलकडे, ग्राफीनओएसच्या सर्व्हरकडे, की कुणाकडेच नाही. चौकशी बंद केली, तर लॉगिनची सूचनाही येत नाही. हा फोन एरवी दर जोडणीला नवा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची फोनची ओळख, घेतो, त्यामुळे त्याचा माग काढणं अवघड जातं. काही वेळ जोडणी नसल्यास वाय-फाय आपोआप बंद करण्याची सोयही त्यात आहे.

घरच्या राउटरवर ठरावीक मॅक पत्त्यांनाच प्रवेश असेल, तर मात्र त्या नेटवर्कपुरता फोनचा मूळ पत्ताच निवडा.