देवळ्याहून अंटार्क्टिकाला जायचं म्हटलं तर? बर्फातल्या क्रूझमागची गोष्ट

काळंशार पाणी, त्यात तरंगणारे निळे हिमनग, लाल जाकीट घातलेली माणसं आणि मागे पेंग्विनांची रांग. अशी एखादी रील तुमच्याही मोबाईलवर येऊन गेली असेल. खाली कुणीतरी मित्राला टॅग करून विचारलेलं असतं, "जायचं का?"

समजा, देवळ्यातून खरंच निघालात. नाशिक, मुंबई, मग विमानं बदलत अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनोस आयर्स आणि तिथून देशाच्या दक्षिण टोकावरचं उशुआया. अंटार्क्टिकाच्या बहुतेक क्रूझ याच बंदरातून सुटतात, त्याही नोव्हेंबर ते मार्च या काळातच, कारण तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. दहा-अकरा दिवसांच्या फेरीचं तिकीट साधारण पाच-सहा लाखांपासून सुरू होतं, विमानाचे पैसे वेगळे. उमराण्याच्या बाजारातला कांद्याचा भाव धरून हे किती ट्रॅक्टर होतात, ते ज्याचं त्याने मोजावं.

आता रीलमध्ये न दिसणारा भाग. उशुआयाहून निघालं की ड्रेक पॅसेज लागतो. सुमारे ८०० किलोमीटर रुंदीचा हा समुद्र पार करायला दीड ते दोन दिवस जातात. या अक्षांशांवर पृथ्वीभोवती वाऱ्याला आणि लाटांना अडवायला जमीनच नाही. पश्चिमेकडून निघालेला वारा अख्खी फेरी मारून परत येतो आणि सगळं पाणी या एका फटीतून घुसतं. समुद्र शांत मिळाला तर नशीब. नाहीतर दोन दिवस बिछान्याला धरून पडायचं आणि उलटीच्या गोळ्या खायच्या.

दक्षिणेकडच्या अशाच खवळलेल्या समुद्रातून भारताची पहिली मोहीम गेली होती, आणि ती निघाली होती आपल्या शेजारच्या गोव्यातून. ६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचं भाड्याने घेतलेलं जहाज सुटलं. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी होती. मोहिमेचा गाजावाजा मुद्दामच केला नव्हता. ९ जानेवारी १९८२ ला ही मंडळी अंटार्क्टिकावर उतरली आणि २१ फेब्रुवारीला गोव्यात परतली. सगळे मिळून ७७ दिवस, त्यातला मोठा भाग नुसता समुद्र.

दोन वर्षांनी, डिसेंबर १९८३ मध्ये, तिसरी मोहीम 'फिनपोलारिस' जहाजातून निघाली. त्यात दोन स्त्रिया होत्या, भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेतल्या पहिल्या स्त्रिया. एक भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या आपल्या डॉ. अदिती पंत. नागपूरचा जन्म, औंधच्या पंत घराण्यातल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत संशोधक. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती आणि त्यांच्यावर उभी असलेली अन्नसाखळी हा त्यांचा विषय. याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचं तिथलं पहिलं केंद्र उभं राहिलं. शाळेच्या पुस्तकात हे नाव कधीतरी वाचलं असेल, पण ते उभारताना तिथे एक मराठी बाई होती हे फारसं कुणी सांगत नाही.

आजच्या प्रवाशाचं एवढं कष्टाचं नसतं, पण मालकी त्याचीही चालत नाही. छापील कार्यक्रमात कुठल्याही बेटाचं नाव असो, बर्फ आणि वारा बघून शेवटचा निर्णय कप्तान घेतो. ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कुणाला उतरवताच येत नाही, त्यांनी डेकवरूनच बघायचं. लहान जहाजातून रबरी बोटीने किनाऱ्यावर नेतात, पण एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १००च लोक. उतरण्याआधी बूट धुवायचे, कपड्यांना चिकटलेलं कुसळ-बी काढायचं. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. पेंग्विन स्वतःहून जवळ आला तर मात्र त्याला कुणी नियम सांगत नाही.

धोका नुसता कागदावरचा नाही. २३ नोव्हेंबर २००७ रोजी 'एक्सप्लोरर' हे पर्यटक जहाज साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फाला धडकून बुडालं. खास अशा सफरींसाठीच १९६९ मध्ये बांधलेलं जहाज होतं ते. १५४ माणसं कित्येक तास उघड्या जीवरक्षक बोटींत कुडकुडत बसली. दुसरं जहाज वेळेत पोचलं म्हणून सगळी वाचली.

आणि बर्फाचं काय? अंटार्क्टिका हे खरं तर वाळवंट आहे. आतल्या पठारावर वर्षभरात पडलेला बर्फ वितळवला तर ५० मिलिमीटरही पाणी होत नाही. आपला देवळा-चांदवडचा अवर्षणाचा पट्टा त्यापुढे पाणीदार म्हणावा लागेल. तरी तिथे जगातला सुमारे ९० टक्के बर्फ आहे, कारण पडलेला बर्फ लाखो वर्षं साठतच गेला. २०२३-२४ च्या हंगामात तिकडे १ लाख २० हजारांहून जास्त पर्यटक गेले. जहाजांच्या धुरातली काजळी बर्फावर बसते, बर्फ काळवंडतो, ऊन जास्त शोषतो. २०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार, एका पर्यटकामागे दर उन्हाळ्यात सुमारे ८३ टन बर्फ लवकर वितळतो. म्हणजे दहा हजार लिटरचे आठ टँकर, माणशी. 'जायचं का' म्हणताना हा आकडाही तिकिटाशेजारी मांडायला हवा.

तिकीट न काढता जायची एक वाटही आहे. वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र भारताच्या 'मैत्री' आणि 'भारती' केंद्रांसाठी तुकड्या पाठवतं. त्यात शास्त्रज्ञांबरोबर डॉक्टर, स्वयंपाकी, वाहन मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, क्रेन चालवणारेही लागतात. या जागांच्या जाहिराती केंद्राच्या वेबसाइटवर येतात. निवड झाली तर कडक वैद्यकीय तपासणी होते, मग उत्तराखंडातल्या औलीला बर्फात राहण्याचं प्रशिक्षण. हिवाळी तुकडीत नंबर लागला तर जवळपास वर्षभर तिथेच मुक्काम करायचा, आणि 'मैत्री'वर त्यातले सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही.