चिकोडीचा मुलगा, डेट्रॉइटचा प्रतिनिधि

लातूर-नांदेडकडील सुशिक्षित घरांत परदेशगमनाची वार्ता आतां नवलाची राहिली नाहीं. लातूरच्या शिक्षणाचा 'पॅटर्न' साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. नांदेडास श्रीगुरुगोविंदसिंहजींच्या नांवाचें अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून चालूं आहे. चिरंजीव परदेशीं स्थिरावले, घर घेतलें, असें कळलें म्हणजे आईवडिलांस धन्य वाटतें. पण कांहीं वर्षांनीं तोच मुलगा तेथील नागरिकत्व घेत असल्याचें कळवितो, आणि माजघरांत क्षणभर कोणी बोलत नाहीं. असा क्षण आम्हीं एकाहून अधिक घरीं पाहिला आहे. १९५५ च्या कायद्याप्रमाणें, स्वेच्छेनें परक्या देशाचें नागरिकत्व घेणाऱ्याचें भारतीय नागरिकत्व संपतें. पुढें 'ओसीआय' कार्ड मिळतें; त्यानें येण्याजाण्याची सोय होते, मत मात्र देतां येत नाहीं. येथील मत असें गेल्यावर तेथें मिळालेल्या मताचें काय करावयाचें, हा प्रश्न आमच्या घरांतून क्वचितच निघतो. तो ज्यांनीं शेवटास नेला असे एक मराठी गृहस्थ म्हणजे श्री ठाणेदार. ते अभियंते नव्हेत, रसायनशास्त्रज्ञ आहेत. परंतु वाट तीच.

ठाणेदारांचा जन्म २२ फेब्रुवारी १९५५ रोजीं चिकोडीस झाला. बेळगांव जिल्हा तेव्हां मुंबई राज्यांत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तो म्हैसूर राज्यांत गेला. घर न सोडतां प्रांत बदलण्याचा अनुभव या मुलास रांगण्याच्या वयांतच आला म्हणावयाचा! कुटुंब मोठें, मिळकत बेताची. बेळगांव, धारवाड, मुंबई विद्यापीठाची एम्. एस्सी., भाभा अणुसंशोधन केंद्रांत नोकरी, असें करीत १९७९ सालीं ते अमेरिकेस गेले. अॅक्रन विद्यापीठाची पीएच्. डी. १९८२ मध्यें मिळाली, नागरिकत्व १९८८ मध्यें. १९९१ त त्यांनीं सेंट लुईस येथील 'केमिर' नांवाची चिमुकली प्रयोगशाळा कर्ज काढून घेतली व पुष्कळ वाढविली. व्याप वाढला, कर्जहि वाढलें, आणि २०१० मध्यें बँकेनें सर्वस्व ताब्यांत घेतलें. त्या वेळीं न्यू जर्सींतील त्यांच्या एका प्रयोगशाळेंत शंभराहून अधिक कुत्रीं अडकून पडलीं. ही गोष्ट पुढें विरोधकांनीं प्रत्येक निवडणुकींत उगाळली. त्याच वर्षीं अॅन आर्बर येथें दुसरी प्रयोगशाळा काढून ते पुनः उभे राहिले, आणि २०१६ मध्यें तिचा मोठा हिस्सा विकून त्यांनीं राजकारणांत पाऊल टाकलें.

पडून पुनः उठणाऱ्या उद्योजकांच्या कथा वाचकांनीं पुष्कळ वाचल्या असतील. आम्हांस पुढचा भाग अधिक विचार करण्याजोगा वाटतो. २०१८ सालीं मिशिगनच्या राज्यपालपदासाठीं ठाणेदार डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या चुरशींत उतरले. पदरचे एक कोटीहून अधिक डॉलर खर्चूनहि तिघांत तिसरे आले. मग त्यांनीं डेट्रॉइट शहरांत बिऱ्हाड केलें, २०२० मध्यें राज्याच्या विधिमंडळांत निवडून गेले, आणि २०२२ मध्यें राष्ट्रीय प्रतिनिधिगृहाच्या तेराव्या मतदारसंघांतून उभे राहिले. अमेरिकेची घटना नव्या नागरिकास या गृहाचें दार बंद करीत नाहीं. सात वर्षांचें नागरिकत्व, पंचवीस वर्षांचें वय व त्या राज्यांत वास्तव्य एवढें पुरे. ठाणेदारांचें नागरिकत्व तर चौतीस वर्षांचें झालें होतें.

पण घटनेनें दार उघडलें तरी घरचीं माणसें विचारतातच, 'हे कोण?' डेट्रॉइटचे तीन-चतुर्थांशाहून अधिक रहिवासी कृष्णवर्णी. १९५४ सालीं चार्ल्स डिग्ज निवडून आले तेव्हांपासून त्या शहराचा एक तरी कृष्णवर्णी प्रतिनिधि वॉशिंग्टनला सतत होता. २०२२ च्या पक्षांतर्गत निवडणुकींत नऊ उमेदवारांमध्यें मतें फुटलीं, सुमारें अठ्ठावीस टक्के मतांवर ठाणेदार पुढें आले, आणि ती परंपरा तुटली. या वेळींहि पैसा मुख्यतः त्यांचा स्वतःचाच. 'आमच्या आजोबांनीं झगडून मिळविलेली जागा कालच्या पाहुण्यानें विकत घेतली' असें तेथील कोणास वाटलें असेल, तर त्यास आम्ही आकस म्हणणार नाहीं.

बाहेरच्यास आपला म्हणण्याचा अनुभव मराठवाड्यासहि आहे. स्वामी रामानंद तीर्थ विजापूर जिल्ह्यांतले. ते हिप्परग्यास व मोमिनाबादेस शिक्षक झाले, निजामाच्या तुरुंगांत गेले, आणि १९५७ त औरंगाबादहून लोकसभेवर निवडून आले. नांदेडचें विद्यापीठ आज त्यांच्याच नांवाचें आहे. परंतु स्वामीजींनीं आधीं आयुष्य दिलें, मत मागून मागितलें. ठाणेदारांचा क्रम उलटा आहे, हें त्यांच्या चाहत्यांनींहि मान्य करावें.

मात्र उलट्या क्रमानेंहि हिशेब चुकता करतां येतो. जानेवारी २०२३ मध्यें सभापतीच ठरेना, म्हणून नव्या सभासदांचा शपथविधि चार दिवस खोळंबला. त्यांत हेहि ताटकळले. पुढें त्यांनीं हिंदु, बौद्ध, शीख व जैन समाजांसाठीं सभासदांचें एक मंडळ काढलें. एप्रिल २०२५ मध्यें राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांच्यावर महाभियोगाचीं सात कलमें मांडलीं; स्वपक्षाचेच पुढारी नाराज झाल्यावर मे महिन्यांत मतदानाचा आग्रह सोडला. हें धैर्य कीं हौस, याविषयीं आमच्याच बैठकींत एकमत झालें नाहीं. तत्पूर्वीं, २०२४ सालीं, त्याच मतदारांनीं त्यांस पुनः निवडून दिलें होतें, आणि हा कौल आम्ही पहिल्यापेक्षां मोठा समजतों.

आपल्या पहिल्या आयुष्याची हकीकत ठाणेदारांनीं 'ही श्रीची इच्छा' या पुस्तकांत मराठींत लिहिली आहे. नांवांतला श्लेष आपल्याकडे कोणासहि उमजावा. डेट्रॉइटच्या मतदारास तो समजावून सांगावा लागेल. आणि ज्यांस तो न सांगतां समजतो, त्यांचें मत त्या मतदारसंघांत नाहीं.