विश्लेषण : गिऱ्हाईक ओळखीचं, तरी बिल का अडतं? कोल्हापुरातल्या प्लंबरचा रोजचा पेच

नळ दुरुस्त होतो, पाणी थांबते आणि मग सुरू होते खरी कटकट. 'एवढ्याशा कामाचे एवढे?', 'उरलेले पुढच्या वेळी देतो', 'काल केलेलं आज परत गळतंय'. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या प्लंबरसाठी ही वाक्ये नवी नाहीत. अशा ग्राहकाशी कसे वागावे, कायदा कोणाच्या बाजूने आहे आणि ग्राहकाचे म्हणणे कुठे बरोबर असते?

वाद नेमका कुठे सुरू होतो?

आरडाओरडा करणारा अनोळखी ग्राहक त्रासदायक असतोच, पण त्याच्याशी एकदाच गाठ पडते. कोल्हापुरात जास्त अवघड जाते ते ओळखीचे गिऱ्हाईक. पेठेतला, तालमीतला, पाहुण्यातला, नाहीतर शेजारच्या काकूंनी सांगितलेला. अशा घरात शिरताना दर विचारला जात नाही आणि सांगितलाही जात नाही. 'तू आपलाच हाईस की, काय ते बघून घे,' एवढ्यावर काम सुरू होते. काम संपल्यावर 'काय ते' म्हणजे किती, यावर दोघांचे आकडे जुळत नाहीत.

यात प्लंबरची अडचण दुहेरी आहे. त्याचा धंदा जाहिरातीवर चालत नाही. हार्डवेअरचे दुकानदार आणि जुने गिऱ्हाईक नाव सुचवतात त्यावर चालतो. चारशे रुपयांसाठी भांडला तर गल्लीतली पुढची चार घरे जातात आणि गप्प बसला तर पुढच्या चार घरांतही तोच दर पडतो. आयटीआयमध्ये प्लंबर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तिथे थ्रेडिंग, जॉइंट, ड्रेनेजचा उतार सगळे शिकवतात. काकूंना व्हिजिटचे पैसे कसे सांगायचे, हे मात्र ज्याचे त्यालाच शिकावे लागते.

त्यामुळे आकडा सांगायची वेळ पाना हातात घेण्याआधीची आहे. बघायला येण्याचे पैसे फोनवरच सांगावेत आणि काम दिले तर ते मजुरीत वळते होतील का, हेही सांगावे. एवढे ऐकून ज्याला नको असेल तो फोनवरच नको म्हणतो. दोघांचाही वेळ वाचतो आणि संबंधही बिघडत नाहीत. ओळखीच्याला सवलत द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण आधी पूर्ण दर सांगून मग त्यातून कमी करावी. न सांगितलेली सवलत गिऱ्हाइकाला सवलत वाटतच नाही, तोच दर वाटतो.

'काल केलं, आज परत गळतंय'

सर्वाधिक भांडणे याच वाक्यावरून होतात आणि यात दोन्ही बाजू खरे बोलत असू शकतात.

जुन्या पेठांतल्या घरांत अजून लोखंडी जीआय लाईन सापडते. ती आतून गंजलेली असते. एक जॉइंट पान्याने सोडवला की तो ताण त्याच लाईनवरच्या पुढच्या जॉइंटवर जातो. दुरुस्त केलेली जागा कोरडी राहते आणि हातभर अंतरावर नवीन गळती दिसते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने नळ 'परत' गळतोय. प्लंबरच्या दृष्टीने ही दुसरी गळती आहे.

दुसरे कारण पाण्याच्या वेळेचे. दुपारी काम होते तेव्हा लाईनला दाब नसतो. पाणी येते ते ठरलेल्या वेळी, तेव्हा प्लंबर घरी गेलेला असतो आणि कच्चा जॉइंट तेव्हाच उघडा पडतो. सीपीव्हीसी पाइपचा जॉइंट सॉल्व्हंट सिमेंटने चिकटतो. त्याला पकडायला वेळ लागतो आणि पाइप मोठा, हवा गार किंवा दमट असेल तर जास्तच लागतो. किती वेळ थांबायचे ते डब्यावर छापलेले असते. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये ते वाचण्यासारखे आहे. पण घरात पाहुणे असतात, कोणीतरी कॉक उघडतो आणि जॉइंट सुटतो.

यावर उपाय म्हणजे कामाआधी दोन वाक्ये आणि कामानंतर एक चाचणी. 'लाईन जुनी आहे, या जॉइंटची जबाबदारी माझी, पूर्ण लाईनची नाही' हे आधी सांगितले तर ती माहिती असते; गळती झाल्यावर सांगितले तर तीच सबब ठरते. भिंतीतली लाईन असेल तर प्लास्टर करण्याआधी हातपंपाने दाब देऊन गेजचा काटा स्थिर राहतो हे गिऱ्हाइकाला दाखवावे आणि त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढावा. काटा हलला नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस सहसा फोनवर ओरडत नाही.

दुरुस्त केलेला तोच जॉइंट गळत असेल तर मात्र वाद घालू नये. जाऊन करून द्यावा, पैसे मागू नयेत. काही जण इथेही व्हिजिट लावतात आणि मग गावभर नाव होते.

फरशी फोडण्याआधीचा मेसेज

कन्सिल्ड लाईनच्या कामात खरा खर्च पाइपचा नसतो, फरशीचा असतो. दहा वर्षांपूर्वीची टाइल आज बाजारात मिळत नाही. प्लंबर लाईन जोडून जातो, गवंडी वेगळा बोलवावा लागतो आणि नवी फरशी जुन्याशी जुळत नाही. चिडलेल्या गिऱ्हाइकाला त्या क्षणी फक्त भोक दिसते.

अशा वेळी लांबलचक करारपत्राची गरज नाही. भिंतीचा फोटो आणि खाली चार ओळी पुरतात : 'काकू, बाथरूमच्या भिंतीतली गरम पाण्याची लाईन गळतीय. तीन फरश्या फोडाव्या लागतील, तशाच मिळतील याची खात्री नाही. मजुरी इतकी, माल बिलाप्रमाणे वेगळा. फरशी बसवायचं काम गवंड्याचं, ते यात नाही. चालत असेल तर हो कळवा.' समोरून 'हो' आले की हातोडा उचलावा.

काम अंगावर घेतले आहे की रोजावर, हेही याच मेसेजमध्ये यावे. भिंत फोडल्यावर काम वाढले तर तिथेच थांबून नवा आकडा कळवावा. शेवटी बिलात घुसवलेला जादा आकडा कोणालाच पटत नाही.

माल गिऱ्हाइकाने ऑनलाइन मागवला असेल तर आणखी एक खबरदारी. डायव्हर्टरची भिंतीतली बॉडी एका कंपनीची आणि वरचा भाग दुसऱ्या कंपनीचा असेल तर तो बसत नाही आणि दोष बसवणाऱ्यावर येतो. गिऱ्हाइकाच्या मालाची जबाबदारी गिऱ्हाइकाची, एवढे आधीच ठरलेले बरे.

वरचा फ्लॅट, खालचा फ्लॅट

ताराबाई पार्क असो वा फुलेवाडी, अपार्टमेंटमधला हा खास प्रकार. ओल खालच्या फ्लॅटच्या छताला, फोन खालच्याचा आणि गळती वरच्याच्या बाथरूममध्ये. वरचा दार उघडायला तयार नाही, खालचा म्हणतो बिल त्याच्याकडून घ्या. दोघांच्या भांडणात प्लंबर साक्षीदार होतो आणि त्याचे पैसे बुडतात.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामायिक पाइपलाईन आणि ड्रेनेजची गळती संस्थेने काढायची. फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती त्या सदनिकाधारकाने. प्लंबरने हा निवाडा करायच्या भानगडीत पडू नये. तपासणीचे पैसे कोण देणार ते आधी ठरवावे, ज्याने बोलावले त्याच्याकडून ते घ्यावेत आणि काय दिसले तेवढेच लिहून द्यावे. 'चूक त्यांची हाय' हे वाक्य जिन्यात उभे राहून बोलू नये.

पैसे देत असला तरी कोणते काम नाकारावे?

महापालिकेच्या नळाला थेट मोटार जोडून देण्याचे. 'सगळ्यांनी लावलीय, आमचीच तेवढी नको का,' असा आग्रह होतो. थेट मोटारीने लाईनमधले पाणी ओढले जाते, शेजाऱ्याचा दाब जातो आणि लाईनला गळती असेल तर तिथून बाहेरची घाण आत येते. हे बेकायदा आहे आणि मोटार जप्त होऊ शकते. हौदात पाणी घेऊन मोटारीने टाकीत चढवण्याचा पर्याय सुचवता येतो, मग नकार कमी कडू लागतो. नव्या नळजोडणीचे कामही महापालिकेचा परवाना नसलेल्याने करू नये.

दराची वेगळी परीक्षा महापुरात होते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोका पातळी 43 फूट. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि 2021 मध्येही शहराने तेच पुन्हा पाहिले. उपसा केंद्रे पाण्यात गेल्याने शहराला टँकरवर दिवस काढावे लागले आणि पूर ओसरल्यावर गाळाने भरलेले हौद, तुंबलेली ड्रेनेज आणि बंद मोटारी एकाच वेळी समोर आल्या. अशा वेळी दुप्पट दर मिळतो, पण तो लक्षातही राहतो. रांग लावावी, वेळ सांगावी, दर नेहमीचाच ठेवावा. दिवस जास्त भरतात, कमाई तशीही वाढते.

काम झाले, पैसे नाहीत. मग?

पहिली गोष्ट, दारातच थांबण्याची. 'फोनपे केलंय, हे बघ' म्हणून दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. स्वतःच्या खात्यात जमा दिसेपर्यंत हत्यारांची पिशवी उचलू नये. यात अपमान कसला?

दुसरी, रागाच्या भरात बसवलेला नळ काढून नेऊ नये. भिंतीला बसवलेली वस्तू घरमालकाच्या ताब्यात गेलेली असते. ती जबरदस्तीने काढली तर पैसे राहतात बाजूला आणि चोरीची तक्रार मात्र होते. दुरुस्तीसाठी दुकानात आणलेल्या मोटारीचे तसे नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 नुसार, कौशल्याचे काम करून दिलेली वस्तू मोबदला मिळेपर्यंत ताब्यात ठेवण्याचा हक्क कारागिराला आहे. तो फक्त त्याच कामाच्या पैशांपुरता. मागच्या उधारीसाठी ती मोटार अडवता येत नाही.

करार तोंडी असला तरी तो करारच असतो. दर ठरला नसेल तरी कलम 70 आहे : फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याचे काम केले आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा काम झाल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. म्हणून 'दिवाळीनंतर बघू' किती दिवाळ्या ऐकायचे, याला मर्यादा आहे. व्हॉट्सअॅपवरचा 'हो' इथे उपयोगी पडतो. भारतीय साक्ष अधिनियम 1 जुलै 2024 पासून लागू आहे आणि इलेक्ट्रॉनिक नोंद आवश्यक प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून देता येते. मेसेज डिलीट करू नयेत.

दोन-तीन हजारांसाठी दिवाणी दावा कोणी लावत नाही, हेही खरे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज करता येतो. समोरच्याला नोटीस जाते, लोकअदालतीत दोघांना समोरासमोर बसवले जाते, कोर्ट फी लागत नाही आणि तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो. समोरचा आलाच नाही तर मात्र प्राधिकरण पैसे वसूल करून देत नाही. पोलीस ठाण्यात 'पैसे देत नाही' एवढीच तक्रार असेल तर ते दिवाणी प्रकरण म्हणून परत पाठवले जाते. धमकी किंवा मारहाण झाली असेल तर ती बाब वेगळी.

बांधकाम व्यावसायिकाकडे बिल अडकले असेल तर एमएसएमई विकास कायदा, 2006 आठवावा. उद्यम नोंदणी मोफत आणि ऑनलाइन होते. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत; उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. पण माल आणि मजुरी एकत्र असलेल्या ठेक्याला हा कायदा लागू होत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत. त्यामुळे मजुरीचे बिल वेगळे करावे आणि नोंदणी काम घेण्याआधीची असावी. यातले काही वकिलाला विचारल्याशिवाय करू नये.

ग्राहक चिडतो, तेव्हा त्याचे काय बरोबर असते?

बरेच काही. सकाळी दहाला येतो म्हणून संध्याकाळी पाचला उगवणे, फोन न उचलणे, दुकानाचे बिल न दाखवता मालाचा आकडा सांगणे, हे चिडण्यासारखेच आहे. सोमवारची वेळ दिली आणि जमत नसेल तर रविवारी रात्री कळवले, एवढ्यानेही निम्मा राग कमी होतो. मालाचे मूळ बिल हातात दिले तर मजुरीवर घासाघीस होते, पण संशय राहत नाही. ज्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत आहे आणि ज्याने जीएसटी नोंदणी केलेली नाही, त्याला जीएसटी आकारता येत नाही. पण तारीख, काम आणि रक्कम लिहिलेले साधे बिल तो देऊ शकतो आणि ग्राहकाने ते मागावे.

कायद्याचा एक विरोधाभास इथे दिसतो. पैसे बुडाले म्हणून प्लंबर ग्राहक आयोगात जाऊ शकत नाही, कारण या व्यवहारात तो ग्राहक नसतो. काम खराब झाले म्हणून गिऱ्हाईक मात्र जाऊ शकते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार पैसे घेऊन दिलेली सेवा त्यात येते, तक्रार दोन वर्षांत करायची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. त्या दिवशी भिंत फोडण्याआधीचा फोटो, गेजचा व्हिडिओ आणि 'हो' लिहिलेला मेसेज ज्याच्या मोबाइलमध्ये असेल, त्याला आयोगापुढे फारसे बोलावे लागत नाही.