लांबच्या सफरीचा तोशा: रेल्वेत काय खावे, केव्हा खावे, किती द्यावे

मालेगावचा कापड व्यापारी कोलकात्याला निघाला की नमुने चार वेळा तपासतो, भावाचा कागद दोन खिशांत ठेवतो. पण दोन रात्रींच्या प्रवासात खाणार काय, याचा विचार मात्र गाडी सुटल्यावर करतो. आम्हीही अनेक वर्षे हेच केले. एकदा त्याची किंमत चांगलीच मोजावी लागली, म्हणून हा विषय व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवीत आहोत.

आम्ही आणि आमचे भागीदार मेटियाबुर्जच्या कारखानदारांकडे पूजेच्या हंगामाचा माल ठरवायला निघालो होतो. भागीदारांना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावे लागते. संध्याकाळी वाढप्या जेवणाची ऑर्डर घेऊन गेला आणि "साडेसातला ताट येईल" म्हणाला. भागीदारांनी त्याच्या शब्दावर सात वाजताच सुई घेतली. बिलासपूर सोडल्यावर गाडी आडरानात उभी राहिली. साडेनऊ झाले तरी ताट आले नाही. भागीदारांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे तुटक झाले. आमच्याजवळ तिखट शेव आणि पाणी यापलीकडे काही नव्हते. समोरच्या बर्थवरच्या बंगाली बाईंनी लेकरासाठी आणलेली साखर पाण्यात कालवून दिली. अल्लाहच्या कृपेने ते सावरले. पण कोलकात्यात दोन दिवस अंथरुणावर गेले, आणि तेवढ्यात कारखानदाराने दुसऱ्याचा माल उचलला.

चूक वाढप्याची होती, तशी आमचीही होती. दुसऱ्याच्या वायद्यावर आपण माल सोडत नाही; मग जेवण कसे सोडले?

आधी वेळेचा हिशेब

मनमाडहून नागपूरमार्गे हावड्याचे अंतर सुमारे 1700 किलोमीटर आहे. रात्री उशिरा गाडी धरली, तर वेळेवर चालल्यास दुपारच्या सुमारास नागपूर, संध्याकाळपर्यंत रायपूर-बिलासपूर आणि दुसऱ्या पहाटे हावडा. म्हणजे पहिले जेवण घरीच करून निघावे. वाटेत खरी गरज एक न्याहारी, एक दुपारचे व एक रात्रीचे जेवण एवढीच आहे. रात्रीच्या जेवणाची सोय बिलासपूरपर्यंत हातात आली पाहिजे. पुढे राउरकेला, टाटानगर ही मोठी स्थानके आहेत, पण तिथे गाडी रात्री उशिरा पोचते. गाडी दोन-तीन तास उशिरा येईल असे धरूनच चालावे. न आली तर शुक्र करावा.

डब्यात काय न्यावे

आपल्या घरातून प्रेमाने भरून दिली जाते ती बिर्याणी. ती गाडीत बसल्याबसल्या खाल्ली तर ठीक. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नये. कारण समजून घ्या. शिजवलेले अन्न 5 अंशांच्या खाली किंवा 60 अंशांच्या वर राहिले तर जंतू फारसे वाढत नाहीत. त्या दरम्यान झपाट्याने वाढतात. म्हणून शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भातात तर एका जंतूचे असे बीज असते जे शिजवूनही मरत नाही. भात कोमट राहिला की ते जागे होते आणि विष तयार करते. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रस्सा, खिमा, दूध, ओले खोबरे यांचेही असेच.

टिकते ते कोरडे. दुधात भिजवलेली दशमी, खाकरा, भाजलेले चणे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, खजूर, घरचे नानकटाई-खारी. फळात केळे सर्वांत बरे, कारण साल आपण स्वतः काढतो. जळगाव-भुसावळचा पट्टा केळ्यांचाच आहे. नागपूरला हंगामात संत्री मिळतात. कापून ठेवलेले फळ मात्र घेऊ नये.

गाडीतले जेवण

बहुतेक लांबच्या गाड्यांना पॅन्ट्रीचा डबा असतो. 2017 च्या धोरणानंतर स्वयंपाक मुख्यतः वाटेतल्या मोठ्या स्वयंपाकघरांत करून गाडीत चढवायचा आणि गाडीत वाढायचा, अशी पद्धत आणली गेली. त्याच वर्षी महालेखापरीक्षकांनी 74 स्थानके व 80 गाड्या तपासून अहवाल दिला होता. त्यात शुद्ध न केलेल्या पाण्याचा वापर आणि बिल न देता विक्री असे दोष नोंदवले होते. त्यानंतर सुधारणा झाल्या. आता पाकिटावर छापलेला क्यूआर कोड मोबाइलने पाहिला की कोणत्या स्वयंपाकघरात, कोणत्या तारखेला ते भरले हे कळते. पाकीट फोडण्याआधी हे पाहावे आणि हाताला गार लागले तर परत करावे.

दर ठरलेले आहेत. मेल-एक्स्प्रेस गाडीत साधी शाकाहारी थाळी 80 रुपये, तीच स्थानकावर 70. त्यात 150 ग्रॅम भात, दोन पराठे किंवा चार पोळ्या, 150 ग्रॅम डाळ, 100 ग्रॅम भाजी, 80 ग्रॅम दही व लोणचे येते. अंडा करीची थाळी गाडीत 90, चिकन करीची 130. रेल नीरची एक लिटरची बाटली सप्टेंबर 2025 पासून 14 रुपये झाली आहे. याहून जास्त मागितले तर दरपत्रक दाखवायला सांगावे. बिल नाही तर पैसे नाहीत, असा रेल्वेचाच नियम आहे. आपण गिऱ्हाइकाला पक्के बिल देतो, तर मागायला लाज कसली? ऐकले नाही तर 139 वर फोन करावा किंवा रेल मदद ॲपवर तक्रार लिहावी. गाडी क्रमांक, डबा व वेळ जरूर द्यावी.

राजधानी, वंदे भारतसारख्या गाड्यांत जेवण भाड्यात धरलेले असते. नको असेल तर तिकीट काढतानाच तसा पर्याय निवडावा, पैसे वाचतात.

बाहेरून मागवलेले ताट

पूर्वी आमचे ओळखीचे आढतिये नागपूर स्टेशनवर डबा घेऊन उभे असत. मोमिनपुऱ्याच्या त्या गरम रोट्यांची चव अजून आठवते. आज तेच काम आयआरसीटीसीची ई-केटरिंग सेवा करते. पीएनआर क्रमांक घालून पुढच्या मोठ्या स्थानकावरच्या उपाहारगृहातून जेवण मागवता येते आणि ते आपल्या बर्थवर येते. दोन गोष्टी पाळाव्यात. गाडी पुरेशी थांबते असेच स्थानक निवडावे, आणि ऑर्डर फक्त आयआरसीटीसीच्या अधिकृत ॲपवरून द्यावी. इंटरनेटवर सापडलेल्या कोणत्याही नंबरला पैसे पाठवू नयेत, त्यात फसवणूक होते.

हलालचा प्रश्न अनेक बंधू विचारतात. रेल्वेत हलाल प्रमाणपत्र असलेले मांस देण्याची अधिकृत तरतूद नाही. तेव्हा ज्याला खात्री हवी त्याने गाडीत शाकाहारी घ्यावे, किंवा आपल्या माहितीच्या उपाहारगृहातून मागवावे. एका दिवसाच्या डाळ-भाताने कोणाचे काही बिघडत नाही. रमजानमध्ये मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहेच. जो ठेवील त्याने इफ्तारचे खजूर व पाणी घरूनच घ्यावे, वाढप्याची वाट पाहू नये.

मधुमेही बंधूंसाठी

हे मुद्दाम शेवटी सांगतो. ताट मांडीवर आल्याखेरीज जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊ नये. आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी प्रवासाच्या वेळा सांगून सल्ला घ्यावा. खिशात साखरेची पुडी ठेवावी, सामानात नव्हे. घाम, थरथर, गोंधळ जाणवला की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि मग थोडे पोटभरीचे खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. 139 वर फोन करून पुढच्या स्थानकावर डॉक्टर मागवावा. सोबत्यालाही हे सर्व आधी सांगून ठेवावे. आमच्या भागीदारांनी आम्हाला कधी सांगितले नव्हते आणि आम्हीही कधी विचारले नव्हते.

आता आम्ही निघतो तेव्हा नमुन्यांच्या पिशवीत खजुराचा डबा असतो आणि भागीदारांच्या सदऱ्याच्या खिशात साखर. पन्नास रुपयांचा हा तोशा. तो नसल्यामुळे एका हंगामाचा सौदा गेला, आणि माणूसही जाता जाता राहिला.