चौकट : पूल ओलांडला की चोपडे
शिवोली गोव्यातल्या बार्देश तालुक्यात, चोपडे पेडणे तालुक्यात. मध्ये शापोरा नदी. पुलापलीकडे डावीकडे मोरजी, दुसरी वाट आगरवाडा-पार्सेमार्गे पेडण्याकडे. पेडणे तालुक्यातला विद्यार्थ्यांचा राबता विर्नोड्यात : संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालय तिथलेच. विद्यार्थ्यांची खरी गजबज पणजीला, असे कोणी म्हणेल. पण १९८५ साली सुरू झालेले गोवा विद्यापीठही ताळगावच्या पठारावर आहे, पणजीच्या बाजारपेठेत नव्हे. पाहण्याजोगे म्हणून फक्त किनारा धरणेही अपुरे. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले, म्हणजे त्यांनी उशिरा मिळवलेल्या मुलखात, ‘नव्या काबिजादीत’. त्यामुळे इथे चर्चपेक्षा देवळांचा ठसा जास्त. मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तालुक्यातल्याच मोपा विमानतळावरून उड्डाणे जानेवारी २०२३ पासून.