विश्लेषण : जंगलात रेंज गेली तर? चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रवासात गाडीत काय हवे?

आलापल्ली सोडून भामरागडकडे निघाले की मोबाइलच्या रेंजचा भरवसा राहत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताही बंद होतो. अशा ठिकाणी गाडी अडली तर मदत कशी मागायची?

सॅटेलाइट फोन घ्यावा का?

या फोनला टॉवर लागत नाही. मात्र, भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बाळगणे बेकायदा आहे. थुराया, इरिडियमचे फोन तर प्रवाशांना चालतच नाहीत. अधिकृत सेवा बीएसएनएलमार्फत मिळते. ‘गार्मिन इनरीच’सारखी उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणे बाळगल्याबद्दलही विमानतळांवर प्रवाशांवर कारवाई झाली आहे. त्यामुळे परदेशातील नातेवाइकाने भेट दिली तरी ती गाडीत ठेवू नका.

वॉकीटॉकी चालेल?

दोन-तीन गाड्या सोबत असतील तर उपयोगी. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या मान्यताप्राप्त संचांना परवाना लागत नाही. मात्र खोक्यावर छापलेले अंतर मोकळ्या मैदानातले असते. दाट झाडीत ते बरेच घटते. दूरवरून मदत बोलावण्यासाठी हे साधन नाही.

मग भरवसा कशावर?

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा, त्यातले एक बीएसएनएलचे असावे. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली, तरी परिसरात दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क असेल तर ११२ क्रमांक लागू शकतो. म्हणून ‘नो सर्व्हिस’ दिसताच फोन खिशात टाकू नका, ११२ लावून पाहा. रुग्णवाहिकेसाठी १०८, वन विभागासाठी १९२६. कमकुवत रेंजमध्ये कॉल लागला नाही तरी एसएमएस जाऊ शकतो. नकाशा निघण्यापूर्वीच ऑफलाइन उतरवून घ्या.

गाडीत आणखी काय?

हवा भरलेली स्टेपनी, जॅक, टोचनासाठी दोर, जंपर केबल, टॉर्च, पॉवर बँक, प्रथमोपचार पेटी आणि दिवसभर पुरेल एवढे पाणी. गाडी रात्री बंद पडली तर पायी निघू नका. हा वाघ-अस्वलांचा मुलूख आहे. काचा लावून आतच थांबणे सुरक्षित. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका.

सर्वांत स्वस्त साधन कोणते?

कागदाची चिठ्ठी. मार्ग, गाडी क्रमांक, पोहोचण्याची वेळ आणि वाटेतील पोलीस ठाण्यांचे क्रमांक लिहून घरी द्या. ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवा,’ असे सांगून निघा. रेंज नसली तरी तुमचा शोध वेळेत सुरू होईल, तो या चिठ्ठीमुळेच.